बेंदराच्या दिवशी आळीत आलेली फळी

ये गं, अशी जवळ बस. कागदावर का होईना, पण बस. लांबून ओरडून सांगायची ही गोष्ट नाही.

आणि आधी थोडं ऐकून घे. मागच्या खेपेला आलीस ती उभ्या उभ्याच. चहाचा कप हातात आणि डोळे घड्याळावर. त्याला काय येणं म्हणतात? पुण्याहून भोर म्हणजे काही काशीला जायचं नाही. त्यात आलीस तीसुद्धा फणफणत. तुमच्या पुण्यात रस्ता साफ करायच्या दिवशी तिथं गाडी लावू नका अशी पाटी होती, तू लावलीस, आणि तुझी स्कूटर उचलून नेली. "आजी, माझ्या स्वतःच्या दारापुढं उभी होती. ह्यांचं काय बिघडत होतं?" असं म्हणालीस. मी हसले, तर तुला राग आला. तोंड फुगवून गेलीस ती अजून आली नाहीस.

अगं, मी तुला हसले नव्हते. तुला वाटलं, म्हातारीला यातलं काय कळतंय. दारापुढं गाडी उभी करायची नाही हा हुकूम मी ऐकला, तेव्हा तुझ्या आईचासुद्धा पत्ता नव्हता. भोरला संस्थान होतं, मी परकर नेसत होते, आणि आमची गाडी दोन बैलांची होती. ते सांगायचं त्या दिवशी जमलं नाही. तू थांबली असतीस तर सांगितलं असतं. आता लिहिते. शाळा मी बाहेरूनच पाहिली. वाण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून अक्षरं लावत लावत शिकले. तेव्हा ओळी वाकड्या जातील, तेवढं सांभाळून घे.

आमची आळी उताराची. वर डोंगराची उघडी सोंड, खाली नीरेचं पात्र, आणि मधे दोन्ही अंगांना आमची घरं. रुंदीला दोन गाड्या जाऊन येतील एवढी वाट. पावसाळ्यात डोंगरावरची तांबडी माती पाण्याबरोबर आळीत उतरायची. तीत शेण, गवत, चुलीची राख, सगळं मिसळून त्याचा जो रेंदा व्हायचा, त्याला वाट कशी म्हणायची? आषाढ लागला की आमच्या आळीत वाट नसायचीच. मोठी माणसं पोटरीपर्यंत जायची, आम्ही पोरं गुडघ्यापर्यंत. परकर कमरेला खोचूनच शेजारी जायचं. घरात शिरायच्या आधी दारातल्या दगडावर पाय घासायचे, आणि तरी सारवलेल्या जमिनीवर तांबडे ठसे उमटले की आई बोलायची ते वेगळंच.

आळीत राहायचे बहुतेक गाडीवान. पावसाळ्यात गाड्यांना काम कमी, म्हणून त्या दारापुढंच उभ्या. आता बघ, वरून रेंदा येतोय आणि मधे गाडी उभी. तो चाकांना अडायचा, साठायचा, आणि मग बाजूच्या घरात शिरायचा. आदल्या वर्षी एका म्हातारीच्या घराची भिंत अशीच फुगून बसली. म्हातारी वाचली, पण तिची शेळी भिंतीखाली गेली. म्हणजे हुकूम काही उगाच काढला नव्हता. हे आधी सांगून ठेवते, नाहीतर तू म्हणशील, सरकारं सगळी सारखीच.

त्याच वर्षी संस्थानानं फळी आणली. भाताच्या खाचरात चिखल सारखा करायला फळी फिरवतात ना, उत्रोलीला तू पाहिली आहेस, तशीच. पण आडवी खूप रुंद, खालच्या कडेला लोखंडाची पट्टी ठोकलेली, आणि ओढायला रेडे. फळीवर माणसं उभी राहायची, वजन पडायला. ती रेंदा खरवडत खाली न्यायची आणि नदीच्या अंगाला नेऊन टाकायची. एकेका आळीची पाळी ठरायची. आदल्या दिवशी दवंडी पिटायची, की उद्या ह्या आळीला फळी आहे, आळीत गाडी उभी दिसता कामा नये, सगळ्यांनी आपापल्या गाड्या नदीकाठच्या गाडीतळावर न्याव्यात. जी दिसेल ती कचेरीत जमा.

ह्या "जमा"ची भीती होती बघ. खालच्या आळीतल्या एका गाडीवानाची गाडी आदल्या पावसाळ्यात, पहिल्याच पाळीला जमा झाली होती. कचेरीच्या आवारात ती उघड्यावर पडली. आज या, उद्या या, साहेब नाहीत, असं करत गौरी-गणपती होऊन गेले. गाडी सुटली तेव्हा चाकांचे आरे पाण्यानं फुगून तडकले होते. ती पुन्हा रस्त्याला लागली नाही. तो माणूस मग भाटघरच्या बाजूला दुसऱ्याच्या शेतात राबायला गेला. आमच्या वडिलांना, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, हे डोळ्यांसमोर होतं. आबांची गाडी हेच आमचं शेत आणि हेच आमचं दुकान. मीठ, गूळ, रॉकेल घेऊन ते वेल्ह्याच्या बाजूला जायचे, येताना हिरडा नाहीतर तांदूळ आणायचे. पावसातसुद्धा डोंगरातल्या गावांना मीठ लागतंच. गाडी थांबली की आमची चूल थांबली, एवढं सरळ होतं.

बैल दोन. एक पांढरा, एक तांबूस. रंगावरूनच त्यांना हाका मारायचो. दोन्ही वासरं असल्यापासून आबांच्या हाताखालची. तांबूस जरा रुसका होता. पांढऱ्याला आधी घास दिला तर हा तोंड फिरवून उभा राहायचा.

आता बेंदूर. तुम्हांला पुण्याकडं पोळा पोळा ऐकून माहीत, आमच्याकडं आषाढातला बेंदूर. आदल्या दिवशी संध्याकाळी खांदमळणी. वर्षभर जू ओढून ओढून बैलाच्या खांद्याला घट्टा पडतो, तो कोमट पाण्यानं शेकायचा, तूप-हळद लावून मळायचा. मग बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." एकदा आवतण दिलं की दुसऱ्या दिवसाची मिरवणूक होऊन जाईपर्यंत खांद्यावर काही ठेवायचं नाही. जू तर नाहीच, दोरीसुद्धा नाही. पाहुण्याला आवतण देऊन कुणी त्याच्या डोक्यावर ओझं देतं का? तसंच हे.

त्या संध्याकाळी आबा मळत होते, मी वाटी धरून उभी होते. तांबूस डोळे मिटून उभा, जिभेनं नाक चाटतोय. आबांनी दोघांच्या कानात आवतण सांगितलं, हाताची हळद अजून तशीच, आणि आळीच्या तोंडाशी दवंडी वाजली. उद्या फळी आमच्या आळीला, पहिल्यांदाच.

 मग माझी थोरली चुलती, तिच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, दारातूनच ओरडली, "अरं ए दवंडीवाल्या! उद्या बेंदूर हाय, तुझ्या सरकाराला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

तो म्हणाला, "म्या नुसता वाजवतो, वयनी. सांगायचं ते कचेरीत सांगा."

"मग वाजीव, वाजीव. तुझ्या घरी बैल न्हाई, तुझं काय जातंय?"

समोर राहायचे नालबंद चाचा. भोरातल्या निम्म्या बैलांच्या पायांना त्यांच्याच हातचे नाल. ते बाहेर आले, डोक्यावर पोतं घेऊन. म्हणाले, "भाऊ, माझं तट्टू घ्या. त्याचा सण उद्या न्हाई, परवा न्हाई, कधीच न्हाई."

आबा हसले. "चाचा, तुमचं तट्टू मोकळ्या वाटंवर तुमास्नी फेकून देतंय. त्येला गाडीला जुपलं तर गाडी सरळ आमच्या चुलीपाशी यील."

सगळे हसले. चाचासुद्धा. हसण्यासारखंच होतं अजून.

आई म्हणाली, "मग आत्ताच ढकलून न्या की खाली, चौघं मिळून." पण पाऊस कोसळत होता, अंधारून आलं होतं, आणि गाडीतळावर रात्रभर गाडी उघडी टाकायला आबांचा जीव होईना. म्हणाले, "सकाळी नेऊ. आधी त्येंचं जेवण हूं दे."

सकाळी पाऊस थांबला नव्हताच. खालच्या दोन घरच्या गाडीवानांनी उजाडता उजाडता आपापल्या गाड्या बाहेर काढल्या. बैल गोठ्यात, आणि माणसं गाडीच्या पुढं-मागं. रेंद्यात चाकं रुतत होती, ती माणसं ओढून ओढून काळीनिळी होत होती, "हां, हां, अजून जरा" असं ओरडत होती. जाताना एकानं हाक मारली, "चला की! लागलंच तर आमी वर येतो हात द्यायला."

आबा म्हणाले, "माझ्या पाव्हण्यांचं जेवण व्हायचं हाय."

झालं असतं गं लवकर. पण लाकडं ओली होती. आई फुंकणीनं फुंकून फुंकून डोळे लाल करून बसली होती, घरभर धूर, आणि पुरण काही शिजेना. बैलांना आंघोळ घालून झाली, शिंगांना हिंगूळ लावून झाला, कपाळावर बाशिंगं चढली, गाडीचं जू आबांनी धुऊन, हळद लावून बैलांपुढं आडवं ठेवलं. नैवेद्याचं ताट तेवढं राहिलं. आबा दर थोड्या वेळानं चुलीपाशी येऊन बघायचे, आणि आई न बघताच म्हणायची, "पुरण हाय ते, दवंडी न्हाई, ढोल बडवला की व्हायला."

आणि मग वरून आवाज आला. रेड्यांना हाकायचा, आणि त्याच्याखाली एक खर्र खर्र. आम्ही पोरं दारात धावलो. फळी आळीच्या डोक्यावर आली होती. पुढं चार काळेभोर रेडे, फळीवर दोन माणसं पाय फाकून उभी, मागं कुदळी-फावडी घेतलेले गडी. बरोबर मुकादम. आमच्या आळीपासून जवळच राहायचा तो, ओळखीचा होता. त्यानं दारापुढची गाडी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"गाडीवानदादा, काल दवंडी ऐकली न्हाई का?"

"ऐकली."

"मग?"

आबांनी आत बाशिंग बांधलेल्या बैलांकडं बोट दाखवलं. मुकादमानं वाकून त्यांच्याकडं पाहिलं. त्याच्याही घरी बैल असणारच. मग म्हणाला, "मी समोरची बाजू आधी काढून घेतो. खाली जाऊन परत वर येतो, तवर गाडी हलवा. परत आलो आनि उभी दिसली, तर माझा इलाज न्हाई. बरोबर शिपाई हाय."

चुलतीनं संधी सोडली नाही. "अवं मुकादम, सरकारी रेड्यास्नी सण नसतोय व्हय?"

"सरकारी चाकरीला सण न्हाई, बाई," तो म्हणाला, आणि हसला नाही.

फळी चाचांच्या बाजूनं खाली गेली. आणि तुला सांगते, आम्ही पोरांनी जन्मात पहिल्यांदा आमच्या आळीचा तळ पाहिला. रेंदा गेला आणि खाली तांबडी, घट्ट, ओली जमीन निघाली. आईनं आत्ताच सारवून काढावी तशी गुळगुळीत. बायका दारात येऊन बघायला लागल्या. कुणी म्हणालं, अगं, आपली आळी एवढी रुंद आहे होय! माझी धाकटी चुलत बहीण त्यावर पाय ठेवायला गेली आणि सपकन बसली. आम्ही सगळे खदाखदा हसलो. तेव्हा कुणाच्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं.

आत पुरण झालं. आबांनी आधी तांबूसला घास दिला, मग पांढऱ्याला. आईनं पाय धुतले, ओवाळलं. दोघांनी ताट चाटून पुसून संपवलं. घाई केली नाही हां त्यांनी. मग आबांनी मुंडासं आवळलं आणि चाचांना हाक मारली. धाकटे चुलते होतेच.

तेवढ्यात मुकादम रेडे घेऊन वर आला होता. त्यानं तिघांना गाडीशी पाहिलं आणि गड्यांना थांबवलं. "दादा, माणसांनी ओढू नका. उतार हाय. माझे रेडे फळीचे सोडतो, तुमच्या गाडीला लावतो, खाली नेऊन देतो. शिपायाला मी सांगतो."

चांगल्या मनानं म्हणाला होता. चाचा लगेच म्हणाले, "हे ब्येस. भाऊ, हे करा."

पण रेडे लावायचे तर गाडीला जू लावायला हवं. आणि जू आत होतं, हळद लावलेलं, बैलांपुढं. त्या दिवशी ते बैलांचं. आबांनी एकदा आत पाहिलं. म्हणाले, "आजच्या दिसाला त्येंचं जू रेड्याच्या मानंवर? न्हाई मुकादम. तुमची माया कळली. पण आता वाट मोकळी झाली की. रेंदा न्हाई, काय न्हाई. ही काय, घसरत जाईल."

खरंच असं म्हणाले. घसरत जाईल.

तर गाडी साफ केलेल्या बाजूवर घेतली. जू नाही, म्हणजे पुढं नुसती दांडी. ती आबांनी उजव्या खांद्यावर घेतली. मागं दोरी बांधली, ती चुलत्यांनी आणि चाचांनी धरली, गाडी अंगावर जाऊ नये म्हणून. आम्ही पोरं जोत्यावर उभी. सुरुवातीला छान चालली. आबा मागं वळून म्हणाले सुद्धा, "बघा, बैल बरा दिसतोय का न्हाई?" चुलती म्हणाली, "बाशिंग तेवढं राह्यलं!"

सकाळी त्या दोघांच्या गाड्या रेंद्यातून गेल्या होत्या, माणसं दमली होती, पण रेंद्यानं चाकं धरून ठेवली होती. आता खाली धरायला काही नव्हतं. उतार जिथं जास्त होतो तिथं चाकं फिरायची थांबली आणि नुसती सरकायला लागली. चुलत्यांचे पाय निसटले, ते दोरीसकट ओढले गेले. चाचांच्या हातातून दोरी सणकन गेली, तळव्याची कातडी घेऊन गेली. "भाऊ, सोडा! बाजूला व्हा!" ते ओरडत होते. सगळी आळी ओरडत होती. "सोडा!"

आबांनी दांडी सोडली नाही.

का सोडली नाही, ते त्यांनी पुढं कधी सांगितलं नाही. खाली वळणावर एकाच्या दारात सजवलेले बैल बांधलेले होते. चुलती म्हणायची, त्या बैलांसाठी. आई म्हणायची, गाडीसाठी. खाली जाऊन मोडली असती म्हणून. मला वाटतं, त्यांना तेवढं काही सुचलंच नसेल. धरलेलं ओझं सोडायचं माहीतच नव्हतं त्यांना. त्यांनी दांडी जोर करून उजव्या अंगाला वळवली, आणि गाडी वळणावरच्या घराच्या दगडी जोत्यावर गेली. मधे ते होते.

आवाज फार मोठा झाला नाही. लाकूड फोडताना होतो तेवढाच. मग एकदम सगळीकडं पावसाचाच आवाज.

फळीचेच गडी आधी पोचले. त्यांनी आबांना घोंगडीत उचलून आमच्या बाजेवर आणून ठेवलं. कमरेखाली उजवा पाय भलत्याच बाजूला वळला होता. आई चुलीजवळून उठून आली, तिच्या हाताला पुरण होतं, आणि ती ते हात कुठं पुसावेत हे न कळून तशीच धरून उभी राहिली. हाडवैद्याला बोलवायला माणूस धावला. आबा शुद्धीवर होते. ओठ पांढरे पडले होते. म्हणाले काय, तर "मिरवणूक चुकवू नका. आवतण दिलंय त्येंना."

गाडी मात्र अजून आळीतच होती ना, वळणावर, एक चाक मोडून आडवी. फळीला पुढं जायला वाट नव्हती. मुकादमानं शिपायाकडं पाहिलं, शिपायानं मान खाली घातली. जमाबिमा कुणी बोललं नाही. त्यांनी गाडीला दोर लावले आणि शेवटी रेड्यांनीच ती खाली गाडीतळावर नेली. मागून फळी आमच्या बाजूनं गेली, आमच्या दारापुढूनसुद्धा, आणि आळी स्वच्छ झाली.

संध्याकाळी वाजंत्री लागली. आबांचे बैल कोण नेणार? चुलते हाडवैद्यापाशी आबांचा पाय धरून बसले होते. शेवटी चाचा उठले, तळहाताला फडकं गुंडाळलेलं. बैल त्यांना भ्यायचे गं! नाल ठोकायला चाचा बैल आडवा पाडायचे, ते बैल विसरत नाहीत. चाचांचा हात कासऱ्याला लागला तसा तांबूस चारही पाय रोवून उभा राहिला. चाचा त्याच्या कानाशी म्हणत होते, "आज न्हाई बाबा, आज नाल न्हाई ठोकत. आज तू पाव्हणा. चल." असं दर पावलाला. "आज न्हाई बाबा. चल." मी दारात उभी राहून बघत होते. आळी इतकी स्वच्छ, आणि तिच्यावर आमच्या बैलांच्या खुरांचे ठसे एकामागं एक उमटत चालले होते, आणि चाचांचे.

हाडवैद्य कांब्या बांधून गेल्यावर आईनं आबांचा सदरा कापून काढला. दांडीखालचा खांदा सोलून निघाला होता. घरात कालची वाटी होती, उरलेल्या तूप-हळदीची. आईनं तीच घेतली आणि त्या खांद्याला लावायला लागली. आबा डोळे मिटून पडले होते. मग म्हणाले, "मला बी द्या की आवतण."

चुलती हसली, आणि हसता हसता तोंडात पदर कोंबून आत गेली.  आई नुसती लावत राहिली.

चार दिवसांनी मुकादम आला. उंबऱ्याच्या बाहेरच बसला, पाय रेंद्यानं भरलेले म्हणून आत येईना. मग म्हणाला, "म्या म्हणालो हुतो, वयनी."

"व्हय," आई म्हणाली. "म्हणाला हुता."

 हुकूम चुकीचा नव्हता. मुकादम चुकीचा नव्हता. बैलांना आवतण देणं तर चुकीचं कसं असेल? तरी आमचा माणूस बाजेवर होता.

पाय सांधला, पण कमरेतलं हाड जागेवर बसलं नाही. दिवाळीला आबा काठीवर उभे राहिले. गाडी दुरुस्त करता आली असती, पण घाटाला गाडीबरोबर चालायला, उतारावर चाक अडवायचा ओट लावायला धडका माणूस लागतो. चुलते दुसऱ्याच्या गाडीवर जायला लागले. बैल गोठ्यात उभे राहून खायचे आणि आबा बाजेवर बसून त्यांच्याकडं बघायचे. विकायचं नाव कुणी काढायचं नाही. पण कधीतरी बोलावं लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. आईच एक दिवस बोलली.

वेल्ह्याच्या बाजूचा, तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावातला शेतकरी जोडी घेऊन गेला. फोडून विकायची नाही, ही आबांची एकच अट. तो माणूस बरा होता. नेताना आबांनी त्याला सांगितलं, "तांबूसला आधी घास द्या. न्हाईतर रुसतो. आनि बेंदराला आवतण चुकवू नका."

"न्हाई चुकवणार, आबा," तो म्हणाला. "बेंदराला तुमी बी या की बघायला."

"बोलवा, येतो."

"तर! बोलवतो की."

पुढच्या आषाढात आमच्या गोठ्यात काही नव्हतं. आईनं मातीचे बैल केले, पाटावर मांडले, पुरण केलं. लाकडं त्या वर्षी वाळकी होती. आबा सकाळीच मुंडासं बांधून, धुतलेला सदरा घालून दारात बसले होते. वेल्ह्याकडून भोरच्या बाजाराला माणसं येत-जात असायची. कुणी तरी सांगावा घेऊन येईल असं त्यांच्या मनात. चाचा समोरून म्हणाले, "भाऊ, चला, मी तट्टावर बसवून नेतो. आता म्हातारं झालंय ते, फेकत न्हाई." आबा म्हणाले, "आवतण यायला पायजे, चाचा. त्याबिगर कसं जायचं?"

फळी त्या वर्षीही आली. आळीत आमची गाडी नव्हतीच, कुणाची अडचण झाली नाही. ती दारावरून खर्र खर्र करत गेली आणि आबांनी पाय आत घेतला, एवढंच.

सांगावा आला नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. त्या शेतकऱ्याचं मन वाईट नव्हतं गं, मी अजून म्हणते. लावणीची घाई, पाऊस, ओढ्यांना पाणी. राहून गेलं असेल. आज सांगू, उद्या सांगू. पण आबा दर बेंदराला मुंडासं बांधून दारात बसायचे. मग एका वर्षी बाजारात कुणाकडून तरी कळलं, पांढरा गेला, आणि तांबूस एकटा कामाला लागेना म्हणून विकला. कुठं विकला ते माहीत नाही. त्या बेंदराला आबांनी मुंडासं काढलं नाही खुंटीवरून. आईनं मातीचे बैल मांडले, तेव्हा म्हणाले, "एकच मांड."

असं झालं होतं बघ. म्हणून तुझी स्कूटर गेली म्हणालीस तेव्हा मला हसू आलं. हसू कसलं, तोंडावर दुसरं काही आणायचं नव्हतं म्हणून. तुझी स्कूटर परत आली, धडधाकट आली. तूही आहेस. एवढ्यावर मी देवापुढं दिवा लावला, ते तुला सांगितलं नव्हतं.

आता आळीत डांबर आहे. पावसाचं पाणी गटारात जातं, चाचांच्या घरी त्यांचा पणतू सायकली दुरुस्त करतो. पण बेंदूर आला की मी अजून मातीचे बैल करते. गुडघे दुखतात, माती मळायला कुणी नसतं, तरी करते. दोन करते, एक नाही. आणि सकाळपासून दाराकडं लक्ष जातं, ही सवय मी आबांकडूनच घेतली असणार.

तू म्हणशील, आजीनं बोलावलं कुठं? मग हे घे, कानाशी येऊन सांगते असं समज. आज आवतण घे, आणि बेंदराला जेवायला ये. चहा उभ्यानं प्यायचा नाही, पाय पसरून बसायचं. गाडी खुशाल दारापुढं लाव, मी जोत्यावर बसून राखते. पण ये गं. उशीर करू नकोस.